चंदाच्या पिस्तुलीची पूजा

आमच्या बार्शीटाकळी तालुक्यात पिस्तूल चालवनारी पोट्टी एकच, अन् थे माही धाकटी बहीन चंदा. हे म्या गावातल्या कुत्र्यामांजरालेबी सांगतलं हाये. लोकं म्हनतात, "देवमन, तुले दुसरं बोलनं नाई का गा?" नाई. कावून राहीन?

चंदा अमरावतीले शिकते, राजापेठले खोली करून राह्यते. कॉलेजात एनसीसीत गेली, तिथं बंदूक हाती आली, मंग नेमबाजीचा क्लब धरला. बोलते कमी. फोनवर बोलतानाबी एका हातात पान्यानं भरलेली बाटली समोर सरळ धरून उभी राह्यते, हात हलू नये म्हनून. आमची माय मैनाबाई म्हनते, "पोट्टी हाये का दिव्याचा खांब?"

माहं दुकान फवाऱ्याचं. कपाशीवर फवारनी करतात थे पंप दुरुस्त करतो. शिकलो सातवी, पन पंपाच्या आवाजावरून सांगतो वायसर गेला का स्प्रिंग. याच्यात बढाई नाई, कोनालेबी विचारा.

मागच्या खंडेनवमीले दुकानातले सगळे पाने-पकडी धुऊन पाटावर मांडले. चंदा सुटीत घरी आली होती. पिस्तूल क्लबात कुलपात राह्यते, घरी आनता येत नाई. पन तिचं मॅगझीन, म्हनजे गोळ्या भराची चपटी पेटी, क्लबातल्या सरांनी तिच्याजवळ दिली होती. रिकामीच. नकली गोळ्या भराच्या, काढाच्या, अंगठ्याले सवय लावाची. त्या पिस्तुलीले थे एकच मॅगझीन होतं.

म्या थे उचललं अन् पान्याइच्या मधात ठेवलं.

"भाऊ, त्याले नको," चंदा म्हने. "आत कचरा गेला त गोळी वर चढत नाई."

"हत्याराले पूजा नको? अन् तू स्पर्धेले जाऊन राहिली?"

"मंग बाजूले फूल ठेव. कुंकू नको लावू."

"मले मशीन शिकवतं का वं? जाय, चहा मांड."

तेल लावलं, हळद-कुंकू वाह्यलं. मायनं मूठभर अक्षता टाकल्या अन् हात जोडून म्हने, "माह्या पोरीचा नंबर लाव रे बाप्पा." मंग म्या फडकं घेऊन मॅगझीन असं चमकवलं का त्याच्यात तोंड दिसे. चंदा म्हने, "दे, खोलून पाह्यतो." म्या म्हनलं, "म्या साफ केलं ना? भावावर भरोसा नाई?" तिनं थे डब्यात ठेवलं.

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला.

"भाऊ, पिस्तूल अडकून राहिली. दोन-तीन गोळ्या बराबर सुटतात, मंग पुढची गोळी तोंड खाली घालून बसते."

"गोळ्याच खराब असतीन. क्लबवाले स्वस्तातल्या आनत असतीन."

म्या दुकान बंद केलं, पिशवीत हत्यारं घेतले अन् अमरावती गाठली. तिथले रामराव सर फौजेतून रिटायर झालेले, हळू बोलनारा मानूस. त्याईले म्या आल्या आल्या सुनावलं, "सर, पोट्टी आमची एक नंबर हाये, तुमचा माल बराबर नाई." त्याईनं राग नाई मानला. दुसऱ्या डब्यातल्या गोळ्या देल्या. पिस्तूल तशीच अडकली. ही गोळी बारकी, तिच्यावर मेनासारखं काई राह्यते, त्याले मळ चिकटते, म्हनून नळी ब्रश मारून साफ केली, गोळी बसते थे जागा पुसली. पाच गोळ्या सपासप सुटल्या. म्या टाळी वाजवली. पुढच्या पाचात तिसरी पुन्हा अडकली. मंग पिस्तुलीची आतली मोठी स्प्रिंग बदलून पाह्यली. थेच.

शेवटी सर म्हने, "मॅगझीन खोलून बघू."

"त्याले हात नका लावू सर," म्या म्हनलं. "थे म्या सोता साफ केलं हाये. जिंदगी मशीन खोलन्यात गेली माही."

सरांनी मॅगझीन खाली ठेवलं. शिकलेला, शिस्तीचा मानूस, पन माह्या आवाजानं दबला. मंग चंदाकडे पाहून म्हने, "तर मग मनगट. मनगट सैल पडलं तर पिस्तूल हातासोबत मागे जाते, पुढची गोळी ओढायला जोर राहत नाही."

अन् मी काय म्हनलो? "बराबर हाये सर. ही जेवतच नाई. मी तिले कधीचा सांगून राहिलो."

चंदानं मान हलवली. त्या दिवसापासून एका हाती दोन बाटल्या धराले लागली. मनगट सुजलं त पट्टी बांधून धरल्या. हे मले तिच्या खोलीवरच्या मैत्रिनीनं, आरतीनं, सांगतलं. तवा म्या आरतीले म्हनलं, "आमच्या घरचं पानी हाये थे."

स्पर्धा अकोल्याले होती. वर आलेल्या पोरी राज्याच्या संघात जानार होत्या, अन् वयाच्या हिशोबानं या गटातलं चंदाचं हे शेवटचं वर्ष. नियम असा, का एका फेरीत पिस्तूल एकदा अडकली त हात वर कराचा, राह्यलेल्या गोळ्या पुन्हा मारता येतात. दुसऱ्यांदा अडकली त त्या गोळ्याइचे गुन गेले.

पहिल्या फेरीत एकदा अडकली. हात वर केला, माफी भेटली. जरा वेळानं पुन्हा अडकली. चंदा तशीच उभी राह्यली, पट्टी बांधलेला हात समोर, अन् मनगटाकडंच पाहून राह्यली. पिस्तुलीकडं नाई. दोन गोळ्या शून्य.

फेरी संपली, मधात सुटी झाली. मांगं खुर्च्याइपाशी सर तिच्याजवळ आले अन् म्हने, "अंगठा कापला का गं?"

चंदानं अंगठा पाह्यला. लाल होता. दुसऱ्या बोटानं घासला, नाकाजवळ नेला. "रक्त नाई सर. कुंकू हाये."

मंग तिनं मान वर करून माह्याकडं पाह्यलं.

सरांनी मॅगझीनचं बूड सरकवलं, स्प्रिंग बाहेर काढली. तेल-कुंकवाचा राडा सगळ्या स्प्रिंगले फासलेला, अन् वेढ्यात तांदळाचे दाने अडकलेले.

म्या पंचाच्या टेबलाकडं धावलो. "साहेब, चूक माही हाये! पूजेचं कुंकू हाये थे, म्या लावलं! पोट्टीचे गुन वापस करा. मले काय सजा द्याची थे द्या."

पंच बाई होत्या. त्याईनं शांतीनं ऐकून घेतलं. "दादा, हत्यार खेळाडूचं, जबाबदारी खेळाडूची. ते कोणी खराब केलं याचा रकाना नसतो आमच्याकडे."

वापस आलो तवा चंदा मॅगझीन पुसून राहिली होती. म्या म्हनलं, "चंदे, मी..."

"भाऊ, सरक. उजेड अडून राहिला."

दुसऱ्या फेरीत पिस्तूल एकदाबी अडकली नाई. त्या फेरीच्या गुनात तिच्या वर कोनीच नव्हतं. पन पहिल्या फेरीतलं गेलं थे गेलंच. यादीत तिच्या वरच्या पोरीपाशी संघ भरला.

सर माह्यावर एक शब्द बोलले नाई. तिलेच म्हने, "मनगटाचं मी चुकीचं सांगितलं बेटा." थे म्हनू शकले. मी नुसताच बाजूले पिशवी धरून उभा.

स्टँडवर बार्शीटाकळीची गाडी लागली होती. चंदा म्हने, "घरी नाई येत. माय विचारीन." मी तिच्यासंग अमरावतीच्या गाडीत बसलो.

बोरगाव मांगं गेलं. शेवटी म्याच म्हनलं, "शिव्या दे मले."

"शिव्या देऊन काय होते?" खिडकीतून बाहेरच पाहून राहिली होती. "मले इतके दिवस वाटत होतं का माह्याच हातात कमी हाये. झोपेतबी मूठ आवळून राह्यत होतो मी. तुले मालूम हाये?"

मले मालूम नव्हतं. ज्या मानसाले पंपाच्या आवाजावरून सगळं समजते, त्याले मालूम नव्हतं.

मूर्तिजापूरच्या पुढं तिचा डोळा लागला. रस्ता खराब, गाडी उसळे, अन् पट्टीचा हात खिडकीच्या लोखंडावर आदळे. म्या हळूच माहा पंजा तिच्या मनगटाखाली घातला. तिनं डोळे न उघडता हात काढून घेतला अन् पोटाशी धरला. माहा पंजा तिथंच राह्यला, लोखंडावर, अमरावती येईपर्यंत.