यादीबाहेरचा रुग्ण

"डोळे मिटून बसा. मी जिथे स्पर्श करीन तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी डोळे मिटले. डाव्या दंडावर कापूस लागला, मी तिथे बोट ठेवलं. मग कोपराच्या वर लागला, तिथेही ठेवलं. पुढे काहीच लागेना. मी वाट पाहिली, आणखी पाहिली. शेवटी विचारलं, "बाई, थांबल्या का तुमी?"

डोळे उघडले तर कापूस माझ्या करंगळीवर टेकलेला होता. शेजारी उभी असलेली माझी बायको कमला त्याच्याकडे एकटक पाहत होती.

सौंसरच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत, त्या क्षणी मला कळलं की मला काय झालं आहे. नाव बाईंनी नंतर सांगितलं.

मी शेतकरी घरचा. सौंसरजवळ आमची संत्र्याची थोडी झाडं आणि कलमांची रोपवाटिका. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बसवायचं माझं काम, आणि त्यावर पट्टी बांधायचं कमलाचं. त्या दिवसांत एकदा तिनं पट्टी बांधता बांधता माझा हात धरला. "तुमच्या बोटातून रक्त येऊन राह्यलं, अन् तुमाले समजत नाई?" चाकू खोल लागला होता. मला खरंच समजलं नव्हतं. पाठीवर दोन फिकट चट्टे होते, ते मी वर्षभर घामाचे समजून सोडून दिले होते. ते दुखत नव्हते, खाजत नव्हते. हे वाचणाऱ्याला पहिली गोष्ट हीच सांगतो: न दुखणाऱ्या, न खाजणाऱ्या, फिकट चट्ट्याला कधी साधा समजू नका.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "याला लेप्रसी म्हणतात. मराठीत कुष्ठरोग. हा जंतूमुळे होतो. पापामुळे नाही, कोणाच्या शापानं नाही. आणि औषधानं बरा होतो."

त्या नागपूरहून महिन्यातून एकदा यायच्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं आहे. पन्नाशीच्या आसपास, बारीक अंगाच्या, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. रुग्णाचा हात तपासताना हातमोजे घालत नसत.

माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला त्यांनी एक नस बोटाखाली फिरवून दाखवली. दोरीसारखी जाड झाली होती. "ही अल्नर नर्व्ह. करंगळीची आणि शेजारच्या बोटाची जाणीव हिच्यामुळे असते. जंतूला थंड जागेच्या नसा आवडतात." मग कानाच्या पाळीला बारीकशी चीर देऊन, तिथला रस काचेवर घेतला. याला स्किन स्मिअर म्हणतात. काचेवरचे जंतू सूक्ष्मदर्शकातून मोजतात. माझ्या काचेवर भरपूर निघाले.

घरी परतताना जामसांवलीच्या मारुतीच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा कमलानं हात जोडले आणि पुन्हा मांडीवर ठेवले. घरी पोचल्यावर तिनं रोजच्यासारखं एकाच ताटात वाढलं. मी म्हटलं, "वेगळं घे." ती म्हणाली, "वर्ष झालं तुमाले, अन् मी आज वेगळं घेऊ? जेवा गुमान."

मोठ्या भावाला मात्र भीती वाटली. त्यानं माझा गिलास आणि माठ ओसरीच्या कोपऱ्यात वेगळा ठेवला. मला राग आला नाही. मीही त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं, हे मला ठाऊक होतं, आणि तेच जास्त लागलं. घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं होतं. तो चार महिने गेला नाही. एका दिवशी आपणहून सौंसरला गेला, पाठ उघडी करून तपासून घेतली, आणि संध्याकाळी माझा माठ उचलून आपल्या माठाशेजारी आणून ठेवला.

औषध तीन प्रकारचं. रिफाम्पिसिनची कॅप्सूल महिन्यातून एकदा, दवाखान्याच्या तपासनिसासमोर गिळायची. त्या दिवशी लघवी लाल होते, घाबरायचं नाही. डॅप्सोनची गोळी रोज. आणि क्लोफाझिमिन, तीही रोज. तिनं अंगाचा रंग तांबूस काळा होतो. लोक विचारायचे, "काऊन रे, इतका काळा पडला?" मी म्हणायचो, ऊन. रोपवाटिकेत ऊन असतंच.

आमचे तपासनीस डोंगरेभाऊ सायकलनं गावोगाव फिरायचे. कोणाची गोळी चुकली हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. दर वेळी ते माझ्या बोटांमध्ये कागद धरायला लावत आणि हळूच ओढत. पकड किती राहिली ते पाहण्याची ही सोपी रीत. सुरुवातीला कागद लगेच निसटायचा. रोज पाण्यात हात भिजवून, तेल लावून, बोटं सरळ करायचा व्यायाम त्यांनी शिकवला. तो कंटाळवाणा आहे. करा.

सहाव्या महिन्यात चट्टे अचानक लाल होऊन फुगले, कोपर ठणकू लागलं. मला वाटलं औषध उलटलं. गोळ्या फेकून देणार होतो. डोंगरेभाऊ म्हणाले, "भाऊ, याले रिॲक्शन म्हणतात. शरीर मेलेल्या जंतूंशी भांडून राह्यलं. आजच्या आज चला." प्रेडनिसोलोन नावाच्या गोळ्या सुरू झाल्या, नसेची सूज उतरली. बाई नंतर म्हणाल्या की आठवडाभर थांबलो असतो तर हात गेला असता. हेही लक्षात ठेवा. अशी ठणक आली की उद्यावर टाकू नका.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट.

औषध सुरू करायच्या आधीच बाईंनी आम्हाला एक विचारलं होतं. त्या एक क्लिनिकल ट्रायल करत होत्या. म्हणजे उपचाराची तपासणी. एका गटाला औषध दोन वर्षं देऊन थांबवायचं, काचेवर जंतू दिसत असले तरी. दुसऱ्या गटाला काच अगदी स्वच्छ होईपर्यंत द्यायचं. नंतर काही वर्षं सगळ्यांवर नजर ठेवायची, कोणाचा आजार परत येतो ते पाहायचं. कोण कोणत्या गटात हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार, बाई नाही.

मी विचारलं, "यातलं चांगलं कोणतं?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "माहीत असतं तर हा अभ्यास केलाच नसता."

मोठ्या डॉक्टरच्या तोंडून 'माहीत नाही' मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी सही लगेच घेतली नाही. "घरी जा, विचार करा. नाही म्हटलं तरी औषध मिळेलच. मध्येच सोडावंसं वाटलं तरी सोडता येईल."

आठ दिवसांनी कमला माझ्यासोबत आली. तिनं सरळ विचारलं, "बाई, तुमच्या घरचा माणूस असता तर?"

बाईंनी चष्मा वर केला. "तरी पाकीटच उघडलं असतं. अंदाजानं औषध देण्यापेक्षा ते बरं."

कमला माझ्याकडे वळली. "करा सही."

माझ्या पाकिटात निघालं: दोन वर्षं, मग बंद.

दोन वर्षं संपली तेव्हा माझी बोटं बरीच सुधारली होती. जाणीव पूर्ण आली नाही, पण कागद आता सहज सुटत नव्हता. मात्र काचेवर जंतू अजून होते. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवले. लाल, तुटके, दाणेदार. "हे मेलेले आहेत. शरीर त्यांना हळूहळू साफ करील, कदाचित वर्षं लागतील. औषध आज थांबतं आहे."

मी हो म्हणालो आणि घरी आलो. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मेलेले की झोपलेले, हे कोणी पाहिलं? दुसऱ्या गटातला सावरगावचा एक माणूस मला दवाखान्यात भेटायचा, तो अजून गोळ्या घेत होता. मला वाटायचं, तो वाचणार, मी नाही. रोज सकाळी उठून पाठ आरशात पाहायचो.

एका बाजाराच्या दिवशी मी पांढुर्ण्याला संत्र्याच्या मालाबरोबर गेलो आणि तिथून डॅप्सोन घेऊन आलो. कोणाला सांगितलं नाही. रोज एक गोळी, गोठ्यात जाऊन. दीड महिना.

कमलाला डबी गव्हाणीच्या मागे सापडली. ती ओरडली नाही. डबी हातात धरून समोर येऊन बसली.

"हे काय होय?"

मी सांगितलं.

"म्हणजे त्या बाईले खोटं सांगून राह्यले तुमी?"

"मी काही बोललोच नाई, तर खोटं कसं?"

"त्या विचारतात ना, गोळी घेतली का म्हणून? तवा काय सांगता?"

डोंगरेभाऊंनी मागच्याच आठवड्यात विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून नोंद केली होती.

"भीती वाटली असंन," कमला म्हणाली. "मले बी वाटते. पण सांगा तिले."

पुढच्या भेटीला मी गेलो. आधी डोंगरेभाऊंना सांगितलं. त्यांचं पेन थांबलं. मग मान खाली घालून त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं. मी म्हटलं, "भाऊ, नसतं लिहिलं तर?" ते म्हणाले, "मंग दोघंबी खोटे."

बाईंनी नोंद वाचली. किती गोळ्या, कधीपासून, एवढंच विचारलं. मी मोजून सांगितल्या. उरलेली डबी टेबलावर ठेवली. मला वाटलं आता हाकलतील. हाकलावं असंच मला वाटत होतं.

"तुमच्या तब्येतीचं यानं नुकसान झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या आकड्यांचं झालं आहे. तुम्ही सांगितलं नसतं तर मात्र पुढच्या रुग्णांचं झालं असतं. तुमच्याकडे पाहून मी म्हटलं असतं, दोन वर्षं पुरतात. आणि तुम्ही तर जास्त घेतलेलं."

"मंग आता?"

"आता तुमची माहिती मुख्य हिशोबात घेता येणार नाही. वेगळी ठेवावी लागेल." त्यांनी माझा हात पुढे ओढला. "दाखवा बोटं. कागद धरा."

मी कागद धरला. त्यांनी ओढला. नेहमीसारखा.

त्यांच्या कामाला माझा काही उपयोग उरला नव्हता. तरी त्यानंतरची सगळी वर्षं, दर सहा महिन्यांनी, त्यांनी मला इतरांइतकंच तपासलं. पाठ, कान, कोपर, डोळे. एकदा पुरानं बस बंद होती म्हणून मी गेलो नाही, तर दुसऱ्या दिवशी डोंगरेभाऊ चिखलातून सायकल ढकलत घरी आले. मी म्हटलं, "मी तर यादीतच नाई ना भाऊ." ते पायाचा चिखल धुत म्हणाले, "यादी कागदावर असते. तुमी थोडीच कागदावर राहता?"

माझ्या काचेवरचे जंतू कमी होत गेले. एका वर्षी काच स्वच्छ निघाली. बाईंनी मलाच पाहायला लावलं. मी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून निळ्या पडद्यावर शोधत राहिलो, काही नव्हतं. अंगाचा रंगही तोपर्यंत परत आला होता.

अभ्यास संपला तेव्हा बाईंनी सगळ्या रुग्णांना सौंसरला बोलावलं. असं कोणी करत नाही, हे डोंगरेभाऊंनीच सांगितलं. आम्ही पंचवीस-तीस माणसं सतरंजीवर बसलो होतो, बाई पुढे उभ्या. नाव कोणाचं घेतलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं येत राहिलात म्हणून मला उत्तर मिळालं, तर ते आधी तुम्हालाच सांगायला हवं. दोन वर्षांनी थांबलेल्यांची तब्येत दुसऱ्या गटाइतकीच चांगली राहिली. म्हणजे पुढच्या रुग्णांना विनाकारण वर्षानुवर्षं औषध घ्यायला लागू नये, असं आता मला म्हणता येईल. एका जागच्या अभ्यासानं सगळं ठरत नाही. पण ज्ञानाच्या भिंतीत आपला एक दगड बसला."

चहा झाला. लोक उठले. बाईंनी मला आणि कमलाला थांबायला सांगितलं. पिशवीतून इंग्रजी छापलेले कागद काढले, एका पानावर बोट ठेवलं आणि आम्हाला मराठीत सांगितलं:

"एका रुग्णाने उपचार थांबल्यावर स्वतःहून औषध घेतले आणि ते स्वतःहून कळवले. त्याची माहिती निष्कर्षातून वगळली आहे. रुग्ण बरा आहे."

कमला म्हणाली, "पुन्हा वाचा."

बाईंनी पुन्हा वाचलं.

"रुग्ण बरा हाय, हेबी छापलं?"

"छापलं. तेही कळायला हवं ना लोकांना."

कमलानं त्या ओळीवर आपलं बोट ठेवलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही, मराठीही जेमतेम. बोट तिथेच ठेवून ती म्हणाली, "माह्या माणसानं सांगतलं, हेबी हाय ना यात?"

"आहे," बाई म्हणाल्या. "ते आधी आहे."