अकराची सही

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. दुकानाचं शटर अर्धंच वर आहे आणि मावशी दुधाच्या फ्रिजसमोरची फरशी पुसताहेत. डावीकडून उजवीकडे, मागे मागे सरकत, पुसलेल्यावर स्वतःचाही पाय पडू न देता. वय चोपन्न, त्यातली एकोणीस वर्षं याच दुकानात. तीन मजल्यांच्या या दुकानात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी नाही. मॅनेजरपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशी.

फरशी झाली की त्या हातमोजे काढतात, हात कोरडे करतात आणि खांबावर टांगलेल्या तक्त्यापाशी जातात. वर छापलंय, ‘फरशी तपासली. कोरडी आहे.’ खाली सात ते तीन, तासाला एक असे नऊ रकाने. मावशी नऊ सह्या एका दमात करून टाकतात. दुकानातल्या पाचही सफाईवाल्या असंच करतात. ओल्या हातमोज्यांनी पेन धरता येत नाही, कागद फाटतो, आणि टांगून ठेवलेलं पेन दुपारपर्यंत कुणीतरी पळवतंच. यात काही वावगं आहे, असं कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी याच फ्रिजसमोर एक शिंपीणबाई घसरून पडल्या. वेळ अकरा पस्तीसची. फ्रिजखालून पाणी गळत होतं. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून शिलाई मशीनच्या पायट्यावर त्यांचा पाय चालत नाही. भरपाईसाठी त्यांनी दुकानावर दावा लावला. उद्या अकराला त्यात मावशींची साक्ष आहे.

म्हणून आज चार वाजता मावशी दुकानाच्या वकिलांच्या ऑफिसात त्यांच्यासमोर बसल्या. शेजारी सुपरवायझर.

“सोपं आहे,” वकील म्हणाले. “येणाऱ्या माणसाची रास्त काळजी घेणं ही दुकानाची जबाबदारी. फरशी कधी ओली होणारच नाही, असं कायदा म्हणत नाही. ठरल्या वेळी कुणी बघत होतं का, एवढंच विचारतो. आपल्याकडे तुमची अकराची सही आहे.”

“आणि बघितलं नसलं तर?”

“तर तो निष्काळजीपणा. त्यामुळेच बाई पडल्या, असं ठरलं तर भरपाई. चूक तुमच्या हातून झाली तरी भरायची दुकानाने.”

“म्हणजे मी नाही भरायची?”

“तुम्ही नाही.”

“भरायला नाही लागणार,” सुपरवायझर म्हणाला, “पण कामावर ठेवायचं का, ते बघता येतं.”

वकिलांनी त्याच्याकडे बघितलं नाही. “तर मी विचारीन, त्या दिवशी अकराला तुम्ही काय करत होतात?”

“वरच्या मजल्यावर होते. तेलाची बाटली फुटली होती. काचा वेचण्यात साडेअकरा वाजले.”

“मग खाली सही कोणी केली?”

“मीच. सातला.”

“सातची सही सातला. मी अकराची विचारतोय.”

“अकराचीही सातलाच. तीनचीही.”

वकिलांनी तक्त्याची प्रत पुढे ओढली.

“वयोमानाने घोळ होतोय यांचा,” सुपरवायझर म्हणाला.

“घोळ कसला? सकाळी नऊ सह्यांना पेन तुम्हीच तर देता.”

“दोन वर्षांत हे बोलला नाहीत तुम्ही?” वकिलांनी विचारलं.

“जो तो एकच विचारायचा, सही तुमचीच ना? माझीच होती.”

वकिलांनी कागदांतून एक फोटो काढला. बाई पडल्यावर त्यांच्या मुलीने पाण्याचा पुरावा म्हणून काढलेला, अकरा बेचाळीसचा. तोच फोटो त्यांनी संगणकावर मोठा केला. कोपऱ्यात खांब, खांबावर तक्ता, तक्त्यावर नऊच्या नऊ सह्या. पावणेबारालाच दुपारी तीनची फरशी कोरडी होती.

“त्यांच्या वकिलाला हे दिसलंय का?” सुपरवायझरने विचारलं.

“माहीत नाही. मला दिसलंय. आणि खोटं बोलायला मी साक्षीदार उभा करत नाही.”

“तक्ता गहाळ झाला तर?”

“तो आपणच कोर्टात जमा केलाय. मोठ्या कौतुकाने.”

वकील मालकांना फोन लावायला आत गेले. हे दोघे बाहेरच्या बाकावर बसले. मावशींनी चपला काढून तळपाय गार फरशीला टेकवले.

“नोकरीचा तरी विचार करायचा, मावशी.”

“केला की. आठवडाभर तेच चाललंय. ह्यांनाही विचारलं.”

“मग? काय म्हणाले काका?”

“म्हणाले, तुला कुठलं खोटं जमायला? घरातली साखर संपली तरी तुझ्या तोंडावर दिसतं.”

सुपरवायझरला हसू आलं. ते त्याने आवरलं.

वीस मिनिटांनी वकील बाहेर आले. मालक तडजोडीला तयार होते. पडल्या तेव्हा बाई फोनवर बोलत चालल्या होत्या, तेवढा दोष त्यांच्याकडे धरला जाईल. बाकीची भरपाई दुकान देईल. त्यांच्या वकिलांशी बोलणं झालं होतं, त्यांची हरकत नव्हती. उद्या दोघे मिळून कोर्टाला तसं कळवतील. साक्षीची गरज नाही.

“म्हणजे मी यायचं नाही?”

“नाही. घरी जा आता, मावशी. दमलात.”

जिना उतरताना सुपरवायझरने मोबाईलवर कामाची यादी उघडली. “उद्याची रजा रद्द करतो. आणि फ्रिजपाशी आता दुसरी कुणीतरी. तुम्ही मागचा जिना घ्या.”

“जिना? माझे गुडघे माहीत आहेत ना तुम्हाला?”

“वरून सांगितलंय.”

“वरून, का तुमच्याकडून?”

तो यादीच बघत राहिला. मावशींनी कठडा धरला आणि पुढची पायरी उतरल्या.

उद्या त्यांची पाळी साडेसहाला सुरू होते. तीन मजले, सहासष्ट पायऱ्या. पुसायला सुरुवात सगळ्यात वरून.