डाव्या खांद्याचं पॅड

मोंजियाच्या तोंडात नेहमी टाचण्या असत. महदिया या अरबी बंदराच्या जुन्या गावात, समुद्रावरच्या कबरस्तानाकडे उतरणाऱ्या गल्लीत तिचं दुकान होतं. टाचण्या आहेत म्हणूनच हिच्या पोटातलं ओठावर येत नाही, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. बेचाळीस वर्षं तिनं माणसांची मापं घेतली होती. कुणाचा एक पाय तोकडा आहे, कुठल्या नवरीचा घेर साखरपुड्यानंतर दोन महिन्यांत वाढला, कुणाच्या दंडावर कुणाच्या बोटांचे वळ आहेत, हे आधी टेपला कळायचं, मग मोंजियाला. तिच्यापुढे ते कुठे जात नसे.

हे तिला तिच्या उस्तादणीनं शिकवलं होतं. लल्ला बेया, म्हणजे बेयाबाई, शेवटी आंधळी झाली, तरी बोटांनी शिवण तपासायची. "देवानं झाकलंय ते शिंपिणीनं उघडायचं नाही," ती म्हणायची, "आणि देव झाकायला विसरला असेल, तर शिंपिणीनं झाकायचं." गावात निरोप घेतानासुद्धा लोक हेच म्हणतात, देव तुझं झाकून ठेवो. मोंजियानं ते धंद्याचं इमान म्हणून पाळलं. नवरा हादी बोटीवर जायचा, पंधरा वर्षांपूर्वी वारला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली ती मापांची वही. दर पानावर एक नाव आणि खाली तारखा नि आकडे. वाचायला बसलं तर अर्ध्या गावाची शरीरं त्या वहीत उभी होती.

शेजारच्या हयातची मुलगी युसर अकरा वर्षांची असताना शाळेच्या निळ्या झग्यासाठी पहिल्यांदा आली. अंगावर मांस असं नव्हतंच. टेप कंबरेभोवती फिरवला की उरलेला हातभर खाली लोंबायचा.

"हिला बाहेर पाठवताना खिशात दगड घालायला हवेत," हयात म्हणाली. "वारा सुटला तर किल्ल्यापलीकडे जाऊन पडेल."

"उंची वाढतेय, हयात. आधी लांब होतात, मग भरतात."

"भरेल तेव्हा भरेल. तोवर सासू माझं डोकं खातेय, की मी पोरीला उपाशी ठेवते."

मोंजियानं खांद्यापासून जमिनीपर्यंत दोन्ही बाजूंचं माप घेतलं. डावीकडचं अर्धं बोट कमी भरलं. पोर एका पायावर रेलली असेल म्हणून तिला नीट उभं केलं, परत मोजलं. पुन्हा अर्धं बोट. ते तिनं वहीत लिहिलं, आणि झगा शिवताना डाव्या खांद्याखाली कापसाचं पातळ पॅड घातलं. झगा खाली सरळ रेषेत आला. हयात खूश झाली.

पुढच्या सप्टेंबरात फरक एक बोटाचा होता. पॅड जाड झालं. त्याच्या पुढच्या वर्षी दीड. तेव्हा मोंजियानं उजवी बाजू आतून थोडी दाबून घेतली, खालची पट्टी एका अंगाला उसवून परत दुमडली. ते काम इतकं सफाईदार झालं की तिनं स्वतःच झगा खुंटीला टांगून दोन पावलं मागे होऊन पाहिला. अशा कामाला कुणी शाबासकी देत नाही, कारण ते दिसलं तर फसलं.

घरात युसरला खाऊ घालणं चालूच होतं. सकाळी भाजलेल्या पिठाची ऑलिव्ह तेलात कालवलेली बसीसा, संध्याकाळी मेथीचं पाणी. पोर कधी तिरकी बसली, कधी पाठ दुखते म्हणाली, तर उत्तर ठरलेलं: अंगात ताकद नाही, चार किलो वाढू देत, काठी आपोआप सरळ होईल.

"अंगाला वास येतो मावशी," युसर एकदा दुकानात म्हणाली. "वर्गात मला मेथी म्हणतात."

"आणि वजन?"

"वजन आज्जीचं वाढलं. माझं उरलेलं ती खाते."

युसर चौदाव्या वर्षात असताना, वसंतात, तिच्या मावसबहिणीचं लग्न निघालं. शाळेचा झगा ढगळ असतो, त्यात काहीही खपतं. लग्नाचा पोशाख मात्र अंगाला चिकटून शिवायचा. मोंजियानं पडदा ओढला आणि युसरला नुसत्या बनियनवर उभं केलं. माप घेता घेता टाचण्यांची डबी कलंडली. युसर पटकन वाकली, हात खाली सोडून टाचण्या गोळा करू लागली.

मोंजिया तिच्या मागे उभी होती. वाकलेल्या पाठीची उजवी बाजू वर आली होती. बनियनखाली फासळ्यांचा उंचवटा होता, आणि डावीकडे तेवढाच खळगा. मधून जाणारी मणक्यांची रांग खालून सरळ निघत होती आणि मग, जसा गल्लीतला माणूस नको असलेलं कुणी दिसलं की वळतो, तशी एका बाजूला वळत होती.

"मावशी, एक टाचणी तुमच्या पायाखाली आहे."

मोंजियानं पाय उचलला. युसर गेल्यावर तिनं वही काढली. अर्धं, एक, दीड. आजचं दोन. तीन वर्षांत ही पाठ तिच्याखेरीज कुणीच पाहिली नव्हती. मुलगी मोठी झाल्यावर आईपुढेही कपडे बदलत नाही. शाळेत तपासणीला नर्स यायची, पण ती झग्यावरूनच उंची-वजन घ्यायची. आणि झगा सरळ होता. तो तिनंच सरळ ठेवला होता.

दोन दिवस तिनं काही शिवलं नाही. बोललं तर शब्द गल्लीत जाणार. वाकड्या पाठीच्या मुलीला स्थळ येत नाही हे इथे शेंबडं पोरही सांगेल. नाही बोललं तर पुढच्या सप्टेंबरात अडीच बोटं, आणि आणखी जाड पॅड. तिसऱ्या दिवशी वही काखेत घालून ती हयातच्या स्वयंपाकघरात गेली. हयात गहू भाजत होती.

"बस ना लल्ला मोंजिया. आज तोंडात टाचण्या नाहीत? काय, दात दुखतो?"

मोंजियानं सांगितलं. हयातचा हात कढईत थांबला नाही.

"आमच्या घरात कुबड कुणाला नाही."

"मी कुबड म्हटलं नाही."

"तू कशाला म्हणशील? गल्ली म्हणेल."

"गल्लीला माहीत नाही. मीच कळू दिलं नाही." तिनं वही उघडून समोर धरली. "हे बघ. हे पहिल्या वर्षीचं."

हयातनं आकडे पाहिले. मग तारखा पाहिल्या. गहू करपायला लागले होते.

"तीन वर्षं तुला माहीत होतं?"

"फरक माहीत होता. काय आहे ते माहीत नव्हतं."

"आणि तू त्यावर कापूस ठेवलास."

मोंजियाच्या जिभेवर लल्ला बेयाचं वाक्य होतं, पण ते त्या धुरात बोलण्यासारखं नव्हतं.

मोनास्तिरच्या इस्पितळात तिघी गेल्या. "लिहिलंस तू, तर सांगशीलही तूच," एवढंच हयात म्हणाली होती, आणि बसमध्ये तिनं मोंजियाकडे पाठ करून खिडकी धरली. डॉक्टरीण तरुण होती. तिनं युसरला वाकायला लावलं, पाठीवर छोटं उपकरण ठेवलं, मग फोटो काढून आणवला. उजेडावर लावलेल्या फोटोत कणा, खाली सोडलेल्या दोरीला मधेच कुणी बोट लावावं, तसा दिसत होता.

"जाडी झाली तर सरळ होईल?" हयातनं विचारलं.

"नाही. अशी मुलं पुष्कळदा बारीक असतात, पण बारीक आहे म्हणून पाठ वाकली असं नाही. बहुतेकांना का होतं ते आम्हालाही ठाऊक नाही. तुम्ही काही चुकीचं खाऊ घातलं नाहीत."

"मेथी?" युसरनं विचारलं.

"मेथी बंद केली तरी चालेल."

युसर त्या दिवशी पहिल्यांदा हसली. डॉक्टरीण पुढे म्हणाली, हिची उंची अजून वाढतेय, म्हणजे वेळ आहे. कडक प्लास्टिकचा पट्टा, दिवसाचे वीस तास, वाढ थांबेपर्यंत. त्यानं पाठ सरळ होईलच असं नाही, पण वाक वाढायचा थांबू शकतो. अंगावर मांस कमी, तेव्हा पट्टा हाडांना लागेल. आतून बिनशिवणीचं मऊ बनियन हवं.

"ते मी करीन," मोंजिया म्हणाली.

डॉक्टरणीनं वही चाळली. "हे तुम्ही लिहिलंत? इतकी नीट नोंद माझ्याकडे कुणी आणत नाही." मग पहिल्या तारखेवर बोट ठेवून ती थांबली. "तेव्हाच आणायला हवं होतं."

"तेव्हा मी पॅड शिवत होते," मोंजिया म्हणाली.

हयातनं खिडकीबाहेर पाहिलं. परतीच्या बसमध्ये ती शेजारी येऊन बसली.

उन्हाळाभर मोंजियानं बनियनं शिवली, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून. सप्टेंबरात शाळेचे झगे आले, तेव्हा ती पडद्याआड प्रत्येक मुलीच्या पायाशी टाचणी टाकायची आणि म्हणायची, "उचल गं, माझे गुडघे धरलेत." एका आईला ते कळलं. "आता तुम्ही वैदूही झालात का?" म्हणून ती कापड उचलून दुसऱ्या शिंप्याकडे गेली. मोंजियानं तिच्या मुलीच्या नावापुढे काही लिहिलं नाही. पोर वाकली तेव्हा पाठ सपाट होती.

युसर महिनाअखेरीला एकटीच आली. बरोबर हयातनं बसीसाची बरणी दिली होती, निरोप काही नव्हता. मापापुरता पट्टा काढून तिनं खुर्चीवर ठेवला. तो तिच्याशिवायही ताठ उभा राहिला. मोंजियानं टेप सोडला. मग पुन्हा मोजलं.

"किती?"

"दोन."

"वसंतातही दोनच होतं ना?"

"दोनच."

मोंजियाचा हात सवयीनं खणाकडे गेला. तिथे जुनं पॅड होतं, तीन वर्षांत थर चढवत नेलेलं.

"ते राहू दे मावशी."

"झगा तिरका दिसेल."

"दिसू दे. पट्टा सगळ्यांनी पाहिलाय. आता मला कासव म्हणतात."

"मेथीपेक्षा बरं."

"कासव चावतं, असं मी त्यांना सांगितलंय."

मोंजियानं वहीत दोन लिहिलं. मग ओठांतल्या टाचण्या एकेक काढून त्या पॅडमध्ये खोचल्या आणि खडू घेऊन निळ्या कापडावर, दोन्ही बाजूंना सारखी, रेघ मारली.