मलमाच्या डबीतला रोमन

माझ्या आईचा रोमवर पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. लग्नाच्या वयाची मुलगी रविवारी सकाळी वेणी घालून बाहेर पडते आणि तीही दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या लोकांसाठी, हे तिच्या गळी उतरत नसे. मी परतले की ती माझी पिशवी उघडून बघायची. आत ग्रंथालयाचं जाड इंग्रजी पुस्तक आणि ट्रेसिंग पेपरच्या गुंडाळ्या निघत. त्यानं तिचा संशय वाढायचाच.

मी पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. कालव्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे शाईनं गिरवायचे, हे काम. एकदा सीताबर्डीच्या फुटपाथवर रोमन पुतळ्यांच्या फोटोंचं एक जुनं, पुठ्ठा निघालेलं पुस्तक मिळालं. आपल्याकडच्या दगडात देव असतात आणि ते देखणे असतात. या पुस्तकातल्या दगडात साधी माणसं होती, टकली, म्हातारी, ओठ आवळलेली. एकाच्या गालावरची चामखीळसुद्धा कारागिरानं सोडली नव्हती. तो थेट आमच्या हेडक्लार्कसारखा दिसत होता. मी तिथंच अडकले. वर्षभरात ग्रंथालयात रोमवर जे काही होतं ते वाचायला लागले, आणि ऑफिसातल्या उरल्यासुरल्या ट्रेसिंग पेपरवर त्यांच्या फरशांवरचे मासे नि मोर उतरवायला लागले.

ग्रंथालयात मला हवं असलेलं पुस्तक बहुतेक वेळा आधीच कोणीतरी नेलेलं असे. तो कोणीतरी म्हणजे धरमपेठेतले एक दातांचे डॉक्टर निघाले. पन्नाशीचे, विधुर, बोलायला मऊ. त्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत एक मांडणी होती. खालच्या फळीवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे आणि वरच्या फळीवर प्लास्टरचेच रोमन सम्राट. परदेशातून मागवलेल्या नाण्यांच्या नकलांवरून, ज्या मसाल्यानं ते दातांचे ठसे घेत त्याच मसाल्यानं साचे घेऊन त्यांनी ते स्वतः काढले होते. इतके हुबेहूब, की नखानं चाचपलं तर केसांच्या बटा लागत. रविवारी मी तिथं जाऊन पुस्तकं चाळत बसे. दार उघडं ठेवायचं, ही माझी अट. समोरच्या घराचा पडदा तरीही हलत राहायचा.

आणीबाणी नुकतीच सरली होती. माणसं अजून इकडंतिकडं पाहूनच बोलत. अशा दिवसांत गोकुळपेठेच्या बाजारात, कन्हानकडच्या एका गावाहून भाजी घेऊन येणारी एक बाई माझ्या पिशवीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालायला वाकली आणि तिच्या लुगड्याच्या पदरातून काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक मातीचं पदक बाहेर लोंबलं. रुपयापेक्षा लहान, तपकिरी, वर दोन भोकं. त्यावर एका पुरुषाचा चेहरा होता. बाजूनं पाहणारा, नाक सरळ, डोक्यावर पानांची माळ.

मी बघतच राहिले. तिनं पटकन पदक आत सारलं.

"काहून पाहून राहिल्या, बाई?"

मी खरं ते सांगितलं, की हे फार जुनं असावं, मी अशी चित्रं पुस्तकात पाहिली आहेत. ती म्हणाली, वावरात नांगरताना सापडलं, नजर लागू नाही म्हणून घातलं. मग तिनं टोपली उचलली आणि पुढचे दोन आठवडे ती माझ्या वाटेवर बसलीच नाही.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी मला समजावलं की आपल्याकडं व्यापाराबरोबर रोमची सोन्याची नाणी यायची, आणि ज्यांना सोनं परवडत नसे ते त्या नाण्याचा ठसा मातीत उठवून गळ्यात घालत. म्हणजे ही त्या काळची नक्कल. पण दोन हजार वर्षांची नक्कल. ते गावाला जायचं म्हणाले. मी बाजारात विचारून विचारून तिच्या गावाचं नाव मिळवलं.

आम्ही एसटीनं गेलो. ती अंगणात शेंगा सोलत होती. मला ओळखून तिनं आधी गळ्याला हात लावला. गळ्यात काहीच नव्हतं. माझ्या त्या बघण्यानंतर तिनं पदक काढून दुखण्यावर लावायच्या मलमाच्या रिकाम्या डबीत ठेवलं होतं. डबी आणायला तिला फार वेळ लागला. तेवढ्यात अंगणात माणसं जमली. एक म्हातारा डॉक्टरांना म्हणाला, "धन पाहून राहिले का गा?" आसपासच्या गावांत पूजा मांडून गुप्तधन शोधणारे लोक येऊन गेले होते आणि एकाचं वावर उकरून गेले होते. डॉक्टर हसले. त्यांचं हसणं कोणाला आवडलं नाही.

बाईनं डबी उघडली. पदक आत इतकं घट्ट बसलं होतं की तळहातावर आपटून काढावं लागलं. डॉक्टरांनी ते भिंगाखाली धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. त्यांनी आठ दिवसांसाठी मागितलं. साचा घेऊ, अभ्यास करू, परत आणून देऊ. बाईनं पदक त्यांच्याकडून घेऊन परत डबीत दाबलं. मग माझ्याकडं पाहून तिनं विचारलं, "तुमी आणून द्यान का?"

मी हो म्हटलं. तिनं डबी डॉक्टरांच्या नाही, माझ्या हातात ठेवली.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी ती मला परत दिली. आत, पदकाभोवती कापूस होता. प्रवासात धक्का लागू नये म्हणून, असं ते न विचारता म्हणाले. मग चहा घ्याच म्हणाले. एरवी ते पुस्तक बंद करून निरोप द्यायचे, त्या दिवशी फाटकापर्यंत आले. मला काहीतरी खटकलं होतं, पण काय ते सांगता आलं नसतं. बसमध्ये मी दोनदा डबी उघडली. चेहरा तोच, नाक तेच, पानांची माळ तीच. रंगही तोच. भोकाच्या कडेला दोऱ्यानं झिजून झालेली खाचसुद्धा होती. मी स्वतःलाच रागावले, की आईसारखी झालीस.

बाईनं डबी घेतली, कापूस चिमटीनं काढून बाजूला टाकला, झाकण लावलं आणि डबी कानाशी हलवली. आत पदक खुळखुळलं.

तिनं पुन्हा हलवली. मग माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी विसरलेली नाही.

"हे मायं नाही, बाई."

कापूस कशासाठी होता ते मला त्या क्षणी कळलं. ओल्या मातीचा ठसा वाळला, भाजला की आकसतो. चूल घालणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत असतं. डॉक्टरांचा हात प्लास्टरला सरावलेला होता आणि प्लास्टर आकसत नाही. मी तिला हे सांगू लागले, पण ती ऐकत नव्हती. तिच्या लेखी डबी माझ्या हातात दिली होती आणि माझ्याच हातातून आली होती. मी म्हटलं, माझ्याबरोबर चला. ती तशीच, अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली. बसमध्ये ती माझ्या शेजारी न बसता मागच्या बाकावर बसली, तिथून मी तिच्या नजरेत राहत होते.

दवाखान्यात दोन पेशंट होते. ते जाईपर्यंत ती बाकावर बसून राहिली. आत बोलावल्यावर तिनं डबी हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवली.

"डॉक्टरसाहेब, मायं मले द्या."

डॉक्टर म्हणाले, दिलेलंच आहे की. तिनं डबी हलवून दाखवली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. यात मी त्यांची बाजू घेईन असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, "डॉक्टर, माती आकसते." एवढंच.

ते बराच वेळ हात धूत राहिले. मग मागच्या खोलीत गेले आणि खालच्या फळीवरच्या एका जबड्याच्या साच्याखालून पदक काढून आणलं. त्यांचा आवाज मऊच होता. "ही हे गळ्यात घालून भाजी विकते. एक दिवस फुटेल. माझ्याकडं शंभर वर्षं राहिलं असतं."

"तुमी शंभर वर्षं राहता का?" ती म्हणाली.

तिनं खुळखुळणारी नक्कल काढून खुर्चीशेजारच्या थुंकायच्या भांड्यात टाकली. दुसरं पदक डबीत दाबलं, डबी उलटी केली. ते पडलं नाही. तरी तिनं ते बाहेर काढून जिभेच्या टोकाला लावून पाहिलं, मग पदराच्या गाठीत बांधलं.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले की हे म्युझियमला द्यावं, तिथं कुलपात सुरक्षित राहील, खाली तिच्या गावाचं नाव लिहितील. माझ्या तोंडून ते निघालं आणि मलाच वाटलं, की डॉक्टर यापेक्षा वेगळं काय म्हणाले होते? तिनं पदराची गाठ आवळली. रस्ता ओलांडून ती बसच्या दिशेनं निघून गेली.

नंतर मी बरेच दिवस त्यावरच विचार करत होते. आठ दिवसांत त्यांनी एकच नक्कल केली असेल, हे कशावरून? आकसणार हे कळल्यावर दुसरी, किंचित मोठी, डबीत घट्ट बसेल अशी करता आली नसती का? साचा त्यांच्याकडं होता, भट्टी होती, हात होता. पण जिभेला काय लागलं ते तिलाच ठाऊक. डॉक्टर ग्रंथालयात भेटत राहिले. मान हलवून नमस्कार करायचे आणि मीही करायचे. पण ते जवळून गेले की मी उघडं पुस्तक मिटून घेत असे. रविवार मी घरीच वाचत काढू लागले. आई त्यावरही म्हणाली, आता काय झालं?

चार-पाच वर्षांनी कामाच्या निमित्तानं त्याच बाजूला जाणं झालं. माझं तोवर लग्न झालं होतं. मी वाट वाकडी करून तिच्या घरी गेले. तिनं ओळखलं, पाट दिला, गुळाचा चहा दिला. मुलीचं लग्न झालं म्हणाली. मी पदकाचं विचारायचं नाही असं ठरवून गेले होते, पण चहा संपता संपता विचारलंच.

"पोरीले देलं," ती म्हणाली.

मुलगी कुठं दिली, हे मी विचारणार होते. ती माझ्याकडं बघत होती, त्याच जुन्या नजरेनं. मी कप खाली ठेवला आणि यंदा पाणी कसं झालं ते विचारलं. तिनं सविस्तर सांगितलं. निघताना तिनं माझ्या पिशवीत सांभाराच्या दोन जुड्या टाकल्या आणि बस दिसेनाशी होईपर्यंत ती फाट्यावर उभी होती. निरोप द्यायला उभी होती, की मी खरंच गेले हे बघायला, ते काही मला ठरवता आलं नाही.