मास्तर जेवायला येतात

पतपेढीत नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, ते काउंटरवर रांग लावून उभे असतात. आमची माणिकपूरची पतपेढी बुडायला आली तेव्हा तर रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती, किश्शांची आणि सभासदांचीही. क्लार्क मी एकटा. त्यामुळे शिव्या खायला पहिला नंबर माझा.

*

झालं होतं असं, की आधीच्या कमिटीने ओळखीपाळखीत कर्जं वाटली नि कोणी फेडेना. ठेवी परत द्यायला तिजोरीत दमडी नाही. भर सभेत खुर्च्या उचलायची वेळ आली. तेवढ्यात मागच्या बाकावरून इनास मास्तर उठले. अर्ध्या गावाला त्यांनी छड्या मारून शिकवलेलं, त्यामुळे सभा आपोआप गप्प झाली. कुणीतरी ओरडलं, "मास्तर चेअरमन!" धडाधड टाळ्या पडल्या.

मास्तर म्हणाले, "अरे, मी घरी जायला उठलो होतो."

*

मार्था मावशीची ठेव पोरीच्या लग्नासाठीची. लग्न नाताळनंतर ठरलेलं. ती रोज सकाळी यायची नि आमच्या बाकावर बसून वाल सोलायची. मी म्हटलं, "मावशी, ऑफिस आहे हे."

"माझे पैसे दे, लगेच उठते."

नवरा गेल्यावर केळी विकून जमवलेलं ते सगळं. मला तिच्याकडे बघवत नसे. मास्तरांनी शब्द दिला, "लग्नाआधी पैसे तुझ्या हातात देईन."

मावशी म्हणाली, "आधीचा चेअरमनही असंच म्हणायचा. नि तो दिसायला तरी बरा होता."

*

नोटिसा पाठवल्या. आमच्या शिपायाला घरोघरी चहा मिळाला, पैसे कुठेच नाहीत. मास्तर विचारात पडले. "चहा पाजतात ना? म्हणजे दारी आलेल्याला हाकलत नाहीत. मग चहावर का थांबायचं?"

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर अख्खी कमिटी घेऊन ते एका कर्जदाराच्या ओटीवर जाऊन बसले. मीही शेपटाला. कर्जाचा एक शब्द नाही. केळीचा भाव, पोरांची शाळा, गुडघेदुखी. एक वाजला तरी कोणी हलेना. आता वसईत रविवारी घरी आलेल्याला उपाशी कोण पाठवेल? इज्जतीचा प्रश्न! कोंबडी कापली. हात धुताना मास्तर म्हणाले, "झकास झालं. पुढच्या रविवारी येतो."

सोमवारी पतपेढी उघडायच्या आधी तो हप्ता घेऊन दारात उभा होता.

*

खाडीकडचा धाकूशेठ मात्र वस्ताद. सगळ्यात मोठं कर्ज त्याचं, नि खिलवण्यात माणूस दिलदार. "या मास्तर, बसा," म्हणून वाढतच राहायचा. रविवारमागून रविवार गेले. कमिटीची पोटं सुटली, धाकूशेठची मूठ सुटेना. इकडे लग्न तोंडावर आलं. मार्था मावशी आता वालही सोलत नव्हती, नुसती बसून असायची.

शेवटी एकदा धाकूशेठची बायकोच ओटीवर आली. "मास्तर, पुढल्या रविवारी कोन कोन येनार?"

"सगळ्या सभासदांनाच आणावं म्हणतो."

बाई आत गेली. तांदळाच्या कणगीत लपवलेलं नोटांचं गाठोडं आणून तिने मास्तरांपुढे आपटलं नि नवऱ्याला म्हणाली, "तुमचं तुमी बगा. माज्या कोंबड्या संपल्या."

*

मार्था मावशीला व्याजासकट पैसे मिळाले. तिने पदराने आमचा बाक पुसला आणि ढसाढसा रडली. मीही रडलो, त्यात लाज कसली.

लग्नाला अख्ख्या पतपेढीला आवतण होतं. मांडवात मास्तर नि कमिटी पंगतीला बसली. समोर मुलाकडचा एक पाहुणा होता. "हेच ते इनास मास्तर," असं शेजाऱ्याने त्याला सांगितलं, तसा त्याच्या हातातला घास हातातच राहिला. थोड्या वेळाने तो उठून आला आणि मास्तरांच्या खिशात नोटा कोंबू लागला.

"एवढे आता घ्या. बाकीचे महिनाअखेरीला देतो. फक्त घरी येऊ नका."

मास्तर चाट पडले. "पण तुमचं कर्ज आमच्याकडे आहे कुठे?"

"तुमच्याकडे नाही हो, आमच्या गावच्या पतपेढीत आहे."