माती उचलण्याआधी

आमच्या गावच्या आखाड्याचा एक नियम होता. वस्तादाच्या पाया पडल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही. पोरगं सात वर्षांचं असो की लग्न झालेला गडी, आधी वस्तादाचे पाय, मग मारुती, मग माती. हा नियम कोणी केला हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारतही नसे. पुढे जे झालं ते या नियमामुळे झालं, म्हणून तो आधी सांगितला.

गाव कामठ्याच्या बाजूचं, धानाचं. आखाडा मालगुजाराचा, म्हणजे गावाच्या जमीनदाराचा. जागा त्यांची, वस्तादाचा शिधा त्यांचा, आणि दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, कुस्त्यांच्या दंगलीत पोरं जिंकली की नावही त्यांचंच. वस्ताद बाहेरून आणलेला होता. आखाड्यामागच्या खोलीत तो एकटा राहत असे. दुपारी पोरांनी त्याच्या अंगाला तेल लावायचं, याला सेवा म्हणत. ज्याला सेवेला बोलावलं त्याच्या घरचे खूश होत. आमच्या घरचेही झाले.

माझा धाकटा भाऊ तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. त्याच्या वयाच्या पोरांत त्याच्याइतका चपळ दुसरा नव्हता. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी नागपुरात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितं तपासण्याच्या कामाला लागलो होतो आणि दिवाळीला घरी आलो होतो. सौंदडच्या मंडईची दंगल तोंडावर होती, आणि भाऊ आखाड्यात जायचा बंद झाला होता.

मायला वाटलं, हरायला घाबरला. तिने त्याच्या ताटातलं तूप वाढवलं आणि वस्तादासाठीही तुपाची एक वाटी भरली, म्हणजे तो पोराकडे जरा जास्त लक्ष देईल. वाटी घेऊन भावालाच पाठवत होती. तो गेला नाही. बाबांनी चिडवलं, म्हातारा झाला का रे, गुडघे दुखून राहिले का? एरवी उलट बोलणारा पोरगा उठून गोठ्यात गेला.

धान कापताना त्याने बाबांना सांगितलं. मी शेजारच्या बांधीत, धानाच्या पुढच्या तुकड्यात होतो. विळा चालवता चालवता, मान वर न करता तो म्हणाला, "वस्ताद मले खोलीत थांबवते अन् दार लावते. मालिश नाई ते, बाबा."

बाबांनी विचारलं, कधीपासून. तो म्हणाला, पोळ्यापासून. आणखी काही विचारावं लागलं नाही. बाबांनी हातातली पेंढी बांधली, विळा बांधावर ठेवला आणि मालगुजारांच्या घराची वाट धरली. पायाला चिखल होता, तो त्यांनी धुतला नाही. मी मागोमाग गेलो.

मालगुजारांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, हे मला अजून स्पष्ट आठवतं. त्यांनी पान मागवलं, बाबांनाही दिलं, आणि समजुतीच्या सुरात म्हणाले की घर की बात घर में रहे तो अच्छा, दंगल होऊ द्या, मग पाहू. बाबांनी पान हातात धरून ठेवलं. म्हणाले, दंगल झाली की तुम्ही पोळा होऊ द्या म्हणाल. आज पाहा.

मग आखाड्याचे पंच बोलावले गेले. त्यांत शाळेचे गुरुजी होते, पाटील होते. चर्चा फार झाली नाही. वस्ताद गेला तर पोरं घेऊन मंडईला कोण जाणार, हा प्रश्न सर्वांत जास्त वेळ चालला. पोराला चार शब्द विचारावेत, खोलीचं दार पाहावं, इतर पोरांना एकेकटं बोलावून विचारावं, हे कोणाच्या मनात आलं नाही. शेवटी पाटलांनी तोड काढली: दोघांनी आखाड्याची माती उचलावी. मातीवर खोटी आण घेणाऱ्याचं वाटोळं होतं, हे सगळ्यांना मान्य होतं. पंच मोकळे झाले. आता त्यांना काही ठरवायचं नव्हतं, माती ठरवणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव आखाड्यात होतं. गुरुजींनी सगळ्या पोरांना एकदम विचारलं, आणखी कोणाचं काही म्हणणं आहे का? वस्ताद समोर उभा होता. पोरांनी माना खाली घातल्या. एका पोराच्या खांद्यावर त्याच्या बापाचा हात होता, आणि तो हात नुसता ठेवलेला नव्हता, त्याने खांदा आवळून धरला होता.

वस्तादाने मारुतीला हात जोडले, माती उचलून कपाळाला लावली आणि म्हणाला, या मातीची आण, माझ्यावरचा आळ खोटा आहे.  माती त्याने परत हौद्यात टाकली आणि हात झटकले.

भाऊ पुढे आला. सरळ मातीकडे गेला आणि वाकला.

"पहिले पाया पड," मालगुजार म्हणाले.

तो वाकलेला होता तसाच थांबला. मागून कोणीतरी म्हणालं की वस्तादाच्या पायाविना माती कोणाले पावली बावा, आणि दोघं-तिघं हसले. भाऊ उभा राहिला. म्हणाला, "मी याच्या पाया पडत नाई."

गुरुजींनी त्याला समजावलं. नियम सर्वांना सारखा, पाया पडलास की तुझं म्हणणं ऐकून घेऊ, त्यात तुझं काय जातं? गुरुजी तसे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना खरोखरच हा किरकोळ विधी वाटत होता. पोरगा काय सांगतो आहे आणि आपण त्याला काय करायला सांगतो आहोत, या दोन गोष्टी त्यांनी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

भावाने बाबांकडे पाहिलं. बाबांना त्याचं बोलणं खरं ठरवायचं होतं आणि तिथे पोहोचायला तेवढी एकच वाट उघडी दिसत होती.

"पड, बापू," बाबा म्हणाले. "एकदाच पड. मंग बोल."

"बाबा, तुम्ही बी?"

एवढं बोलून तो गर्दीतून वाट काढत घरी गेला. पंचांनी निकाल दिला: पोराने माती उचलली नाही, सबब तक्रार खोटी. बाबांनी मारुतीला नारळ द्यावा. बाबांनी दिला. वस्तादाने तो फोडला आणि खोबरं वाटलं. एक तुकडा आमच्या घरीही आला. मायने तो चुलीत टाकला.

मंडईला भावाच्या जागी दुसरं पोरगं उतरलं आणि जिंकलं. मालगुजारांनी वस्तादाला फेटा बांधला.

मी नागपूरला परतल्यावर आमच्या संपादकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, पंचांचा निकाल काय? मी म्हणालो, तक्रार खोटी. मग बातमी काय, असं त्यांनी विचारलं. आमच्या धंद्याच्या रीतीने त्यांचं बरोबर होतं.

काही वर्षांनी, ज्याने खांदा आवळला होता तो बाप आमच्या ओसरीवर येऊन बसला. तुमचा पोट्टा खरं बोलला होता का, असं त्याने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, हो. तो उठला आणि मालगुजारांच्या घराच्या दिशेने गेला. त्यानंतर वस्ताद गावातून गेला. मालगुजारांनी त्याला आपल्या सोयऱ्यांच्या गावी पाठवलं होतं. तिथे नवा आखाडा काढला होता, त्यांना वस्ताद पाहिजेच होता. निरोपाला ढोल-ताशा होता.

भाऊ तोवर गोंदियाला एका राइस मिलमध्ये लागला होता. तो कोणाच्याही पाया पडत नसे. लग्नात सासऱ्याच्या पडला नाही, त्यावरून जेवणाच्या पंगती खोळंबल्या. लोक त्याला मस्तवाल म्हणत.

दसऱ्याला मात्र तो दरवर्षी घरी यायचा. आमच्याकडे सोनं द्यायचं आणि मोठ्यांच्या पाया पडायचं. पहिल्या दसऱ्याला त्याने आपट्याची पानं बाबांच्या हातात दिली आणि तसाच उभा राहिला. बाबांचे पाय पुढे होते. दोघांनीही ते पाहिलं.

पुढच्या वर्षापासून तो यायच्या सुमाराला बाबा खाटेवर मांडी घालून, पाय धोतराखाली घेऊन बसायला लागले.  

देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले. त्यांना मांडी घालता येईना. दसऱ्याच्या दिवशी फाटकाचा आवाज झाला तसं ते मायला म्हणाले, "गोधडी टाक पायावर." ऊन कडक होतं. मायने गोधडी ओढली आणि कडा नीट खोचल्या.

भाऊ आत आला. त्याने गोधडीकडे पाहिलं, मग बाबांच्या तोंडाकडे. बाबांनी हात पुढे केला होता, पण बोटं मिटत नव्हती आणि त्यात पानं राहिली नसती. भावाने ती गोधडीवर ठेवली, पाय होते त्याच्या जरा वर, आणि हात मागे घेतला.