शिट्टीचा तपास

देवळीच्या बस स्टँडजवळ रत्नदीप थूल याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीला तो स्टुडिओ म्हणायचा आणि आम्ही गादीघर. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून त्यानं चारही भिंतींना, छताला आणि दाराच्या आतल्या बाजूला जुन्या कापसाच्या गाद्या ठोकल्या होत्या. आमच्या जिल्ह्यात दुसरं काही कमी पडेल, कापूस पडत नाही. मे महिन्यात त्या खोलीत बसलं की लोणच्याच्या बरणीतल्या फोडीला काय वाटत असेल ते कळायचं.

याच खोलीत तो बाबासाहेबांच्या जयंतीची गाणी, भजनी मंडळांच्या सीडी आणि आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या घोषणा रेकॉर्ड करायचा. मी शाळेत मास्तर, त्यामुळे घोषणांना आवाज माझा. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं, "सर, तुमचा 'स' लय टोचते."

पंचवीस वर्षं पोरांनी तो 'स' निमूट ऐकून घेतला होता.

रत्नदीपचे, म्हणजे आमच्या रतनचे, कान हा देवळीत चेष्टेचा विषय होता. लग्नात तो जेवायच्या आधी डीजेजवळ जाऊन उभा राहायचा आणि कुणी गेल्यासारखं तोंड करून परत यायचा. "मधला आवाजच नाई सर. निस्ती धडधड आहे." माझी मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी असतानाच तो चेन ढिली झाल्याचं सांगायचा. त्याची बायको दीपमाला म्हणायची, "तिकडे कोनाचा फ्रिज घुमला तं यायले आयकू येते. मी जेवाले हाक मारली तं येत नाई."

एवढ्या कानांचा हा माणूस डीजेवाल्याकडून घेतलेल्या जुन्या हेडफोनवर मिक्सिंग करायचा. त्यात ढोलकी अशी घुमायची की छाती भरून यायची. मग रतन ढोलकी जरा खाली करायचा. जयंतीच्या मिरवणुकीत तेच गाणं ट्रकवर वाजलं की ढोलकी गायब. कोणी पत्र्याचा डबा वाजवतंय असं वाटायचं. दोन जयंत्या अशा गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की ढोलकी त्याच्या गाण्यात कमीच होती, घुमारा हेडफोन आपल्या पदरचा घालत होता.

"सर, हा चापलूस आहे," तो हेडफोन हातात धरून म्हणाला. "जे नाई तेबी आहे म्हनते. मले खरं बोलनारा पाहिजे."

खरं बोलणारा हवा होता तो आईसाठी. अन्नपूर्णाबाईंनी तीस वर्षं जिनात काढली. कापसातली सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या शेजारी, उडणाऱ्या तंतूंच्या धुक्यात. यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बाया गायच्या, आणि गाणी रचणार कोण तर अन्नपूर्णाबाई. बाबासाहेबांची, ज्यांना त्या भिवा म्हणायच्या, बुद्धाची, मुकादमाच्या मिशीची. चाळीसच्या वर गाणी, एकही कागदावर नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि लिहिता येणाऱ्या आम्ही लोकांनी ती कधी लिहून घेतली नाहीत. रतननं ठरवलं होतं, मायची सगळी गाणी रेकॉर्ड करायची, पण चांगली. पत्र्याचा डबा करून नाही. आधी हेडफोन, मग माय.

हेडफोनची परीक्षा पाहायला त्यानं आईचं एकच गाणं रेकॉर्ड केलं. ढोलकी नाही, पेटी नाही, नुसता आवाज.

*सरकी इकडं, रुई तिकडं, मधात बसली माय गं,*
*माह्या लेकराच्या हाती पाटी, भिवाले सांगा जाय गं.*

आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला होता, म्हणून माइक जवळ घेतला आणि मशीनवर आवाज वाढवला. वयच झालं, असं आम्ही सगळे धरून चाललो.

ते गाणं पेन ड्राइव्हमध्ये घालून आम्ही दोघं नागपूरला गेलो. बर्डीवरच्या बाजारातल्या दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक दहा मिनिटांत जाईल. रतन चार तास बसला. पहिला हेडफोन त्यानं लगेच काढला, का तर त्यात माय सिनेमातली बाई वाटत होती. दुसऱ्याचा आवाज मोठा होता, म्हणून तो मला एकदम आवडला. रतननं दोन्हींचा आवाज सारखा करून पुन्हा ऐकवलं. मग मला काहीच फरक कळेना. "मोठं म्हंजे चांगलं नाई सर," तो म्हणाला. शाळेत हे वाक्य मी पोरांना वेगळ्या संदर्भात सांगत असे. तिसरा कानांना इतका आवळत होता की त्यात तासभर मिक्सिंग केलं असतं तर रतनच्या डोक्याचाच आकार बदलला असता.

चौथ्याच्या कानाच्या वाट्या मागून उघड्या होत्या, जाळीच्या. आतला आवाज बाहेर जात होता, बाहेरचा आत येत होता. मी म्हटलं, हे तर फुटकंच दिसतं. रतननं तो घातला आणि डोळे मिटले. कडवं संपलं आणि त्याच्या कपाळावर आठी आली. मागं नेलं, पुन्हा ऐकलं. सात वेळा.

"यात शिट्टी आहे. 'माय गं' झाल्यावर. बारीकशी."

दुकानदारानं स्वतः ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. "भैया, सीटी हेडफोन में नहीं है. आपके गाने में है. बाकी तीन में सुनाई नहीं दी, इस में दी. यही तो फरक है."

माझ्या कानालाही त्यानं तो लावला. मला शिट्टीबिट्टी काही ऐकू आली नाही. रतननं तोच विकत घेतला. परतीच्या बसमध्ये तो एवढंच बोलला, "शिट्टी काढल्याबिगर मायची गानी करत नाई."

यानंतर जवळजवळ दोन वर्षं देवळीत शिट्टीचा तपास चालला. पहिला संशय पंख्यावर. पंखा बंद करून अन्नपूर्णाबाईंना पुन्हा गायला बसवलं, शिट्टी होतीच. मग फ्रिज, मग इन्व्हर्टर, मग शेजारच्या हेमराजच्या टपरीवरचा चहाचा स्टोव्ह. रेकॉर्डिंगच्या वेळी हेमराजनं स्टोव्ह बंद ठेवायचा असं ठरलं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "थांबा जरा, माय गाऊन राह्यली." लोक थांबायचे. तारा बदलल्या, माइक बदलला, मशीनचा डबा उघडून पुन्हा बसवला. छताच्या पत्र्यातून वारा येतो म्हणून आणखी एक थर गाद्यांचा.

दुसरं कोणी गायलं की शिट्टी नसायची, हे त्यालाही दिसत होतं. पण बाकीच्यांच्या गाण्यात ढोलकी-पेटीचा गोंगाट, आणि आवाज खणखणीत. मायसाठी मशीन वाढवावं लागायचं, आणि मशीन वाढवलं की त्याच्या पोटातलं सगळं ऐकू येतं, असा त्याचा हिशेब होता. हिशेबात चूक नव्हती.

दर वेळी अन्नपूर्णाबाई गादीघरात येऊन बसायच्या. दार बंद, पंखा बंद. बाहेर पंचेचाळीस डिग्री. त्या पदरानं गळा पुसत एकच कडवं म्हणायच्या आणि मध्येच ठसकायच्या. रतन हात वर करायचा. "माय, खोकू नोको न. टेक गेला."

"नाई खोकत लेका. घे परत."

मी तिथं असायचो. मला गंमत वाटायची. एकदा मी म्हटलं, "रतन, शिट्टी कुठंच नाही. तुझ्या कानात आहे. सावंगीच्या दवाखान्यात जाऊन कान दाखव." अन्नपूर्णाबाई सगळ्यांत जास्त हसल्या, आणि हसता हसता त्यांना बराच वेळ दम लागला. मी पाण्याचा गिलास दिला. पुढं काही नाही.

आता वाटतं, ज्या माणसाला गल्लीच्या तोंडाची चेन ऐकू येते, त्याला हे कसं कळलं नाही? त्याचं उत्तर रतननंच मला नंतर दिलं. त्यांच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस जिनात. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलं की छाती धरते, हे तिथं पोराटोरांना ठाऊक. आजी तशीच श्वास घ्यायची, शेजारच्या यशोदाबाई तशाच, बाप तर तसाच गेला. लहानपणी एका गोधडीत आईच्या पाठीला कान लावून तो झोपायचा तेव्हाही पाठीत ती बारीक शिट्टी होती. "मले तं वाटे सर, मानसाचा श्वास असाच राह्यते."

म्हणून त्यानं फ्रिज तपासला, पंखा तपासला, वारा तपासला.

गेल्या उन्हाळ्यात अन्नपूर्णाबाई स्टुडिओची एक पायरी चढल्या आणि दुसरीवर बसल्या. ओठ निळसर झाले होते. आम्ही त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी नळी कानाला लावली आणि पाठीवर फिरवत राहिल्या. रतन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. कपाळावर आठी आली. ती आठी मी आधी एकदा बर्डीवर पाहिली होती.

"मॅडम," रतन म्हणाला, "मी आयकू का?"

त्यांना नवल वाटलं असावं, पण त्यांनी नळी दिली. त्यानं डोळे मिटले. त्याला सात वेळा लागल्या नाहीत. नळी त्यानं लगेच परत दिली.

"हा आवाज कधीपासून आहे, काही सांगता येईल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

या प्रश्नाला लोक बहुधा, झालं असेल वरीसभर, असं काहीतरी म्हणतात. रतननं तारीख सांगितली. वेळही सांगितली, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं. पहिल्या रेकॉर्डिंगच्या फाइलवर ती लिहिलेली होती.

डॉक्टरीणबाईंनी तारीख कागदावर उतरवून घेतली. कापसाच्या तंतूंनी फुप्फुसं खराब झाली होती. तेव्हाच आणलं असतं तर बरंच सांभाळता आलं असतं, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. आणि म्हणाल्या, यापुढं कापसाच्या जवळ ठेवू नका. बंद, कोंदट जागेत तर बिलकूल नको.

त्या संध्याकाळी रतननं एकट्यानं सगळ्या गाद्या उचकटल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "तुमी बाहेर उभे राहा सर. लय धूळ आहे." खोलीत तंतू उडत होते आणि गाद्यांमागून उघड्या पडलेल्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात ते छान दिसत होते. कान दाखव असं मी त्याला सांगितलं होतं, आणि आख्ख्या देवळीत त्याचेच कान तेवढे ठीक होते.

आता अन्नपूर्णाबाई पुढच्या पडवीत खाटेवर असतात. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. एक कडवंसुद्धा आता गाऊन होत नाही. गाणी त्या सांगतात, दीपमाला लिहून घेते, त्यांच्या बोटांच्या खुणांवरून चाल समजून घेते आणि गाते. अकरा झाली. बाकीच्यांपैकी किती आठवतील कुणी सांगावं. दीपमालाचा गळा बरा आहे. पण अन्नपूर्णाबाई 'माय गं' म्हणताना जो एक हेलकावा द्यायच्या तो तिला येत नाही, आणि बाईंना तो आता करून दाखवता येत नाही. त्या बोट हवेत फिरवतात. दीपमाला बोटाकडे बघते आणि पुन्हा चुकते.

ते पहिलं गाणं तेवढं आहे. मंडळाच्या पोरांनी यंदा जयंतीला ते मागितलं. शिट्टी काढायचा उपाय रतनला आता ठाऊक आहे, कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम. त्यानं तसंच देऊन टाकलं. ट्रकवरच्या धडधडीत कुणालाच ती ऐकू आली नाही.

परवा मी गेलो तेव्हा त्यानं जाळीचा हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला आणि गाणं लावलं. 'माय गं' संपलं.

"आयकू येते का सर?"

"येते," मी म्हटलं. या वेळी खरंच येत होती.

दीपमालाला बारावं गाणं म्हणायला बसवायचं होतं, म्हणून त्यानं माइक खाटेजवळ आणला. अन्नपूर्णाबाईंनी वर बघितलं.

"रतन. पंखा... बंद कर न. तुह्या... मशीनीत येते."

"राहू दे माय."

"टेक... जाईन."

"जाऊ दे," रतन म्हणाला आणि पंखा आणखी एकानं वाढवला.